घंटा गेल्या, धर्मग्राम राहिले

नाशिकच्या गोदाकाठावर नारोशंकराचे मंदिर आहे. या मंदिराची घंटा मराठी भाषेत वाक्प्रचार होऊन बसली आहे. खणखणीत, दूरवर ऐकू जाणाऱ्या आवाजाला 'नारोशंकराची घंटा' म्हणण्याची पद्धत आजही टिकून आहे. ही घंटा मूळची मंदिराची मात्र नव्हे. तिच्यावर १७२१ हे साल असून तिची घडण पोर्तुगीज आहे. चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेनंतर मराठी सरदारांनी विजयचिन्ह म्हणून ज्या घंटा देशावर नेल्या, त्यांतलीच ही एक. भीमाशंकरच्या मंदिरात आणि वाईजवळच्या मेणवलीत अशाच पोर्तुगीज घंटा आजही पाहायला मिळतात.

घंटांची ही कथा मराठी वाचकाच्या परिचयाची आहे. वसईचा विजय हा मराठ्यांच्या इतिहासातील अभिमानाचा प्रसंग असल्याने शालेय पुस्तकांपासून ऐतिहासिक कादंबऱ्यांपर्यंत तो अनेकदा सांगितला गेला आहे. परंतु ज्या गावांतून या घंटा गेल्या, त्या गावांचे पुढे काय झाले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. पोर्तुगीजांची सत्ता गेली, त्यांचे सरदार गेले, मठ ओस पडले. त्या सत्तेच्या आश्रयाने उभी राहिलेली ख्रिस्ती वस्ती मात्र नाहीशी झाली नाही. पापडी, रमेदी, सांडोर, मर्सेस, नंदाखाल, निर्मळ, आगाशी या गावांमध्ये ती आजही आहे आणि तिची भाषा मराठी आहे. राजसत्तेने उभारलेली एक धर्मसंस्था राजसत्तेच्या पश्चात पावणेतीनशेहून अधिक वर्षे कशी टिकली, हे समजून घ्यायचे तर वसईच्या धर्मग्रामांचा इतिहास पाहावा लागतो.

धर्मग्राम म्हणजे काय?

इंग्रजीतील 'पॅरिश' या शब्दाला वसईच्या ख्रिस्ती समाजाने 'धर्मग्राम' हा मराठी शब्द रूढ केला आहे. धर्मग्राम म्हणजे केवळ चर्चची इमारत नव्हे. ठरावीक सीमा असलेला प्रदेश, त्या प्रदेशात राहणारी कॅथलिक कुटुंबे आणि त्यांची धार्मिक जबाबदारी सोपविलेला प्रमुख धर्मगुरू, अशी ही रचना असते. अनेक धर्मग्राम मिळून एक धर्मप्रांत होतो आणि त्याचा प्रमुख बिशप असतो.

या रचनेला आजचे स्वरूप सोळाव्या शतकात मिळाले. १५४५ ते १५६३ या काळात भरलेल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने प्रत्येक धर्मगुरूला आपल्या हद्दीतील बाप्तिस्म्यांची आणि विवाहांची नोंद ठेवणे बंधनकारक केले. विवाहापूर्वी वधूवरांची नावे चर्चमध्ये लागोपाठ तीन वेळा जाहीर करावीत, म्हणजे कोणाची हरकत असल्यास ती पुढे येईल, असाही दंडक घातला गेला. त्यामुळे जन्म, लग्न आणि मृत्यू या आयुष्यातील तिन्ही घटनांची नोंद एकाच ठिकाणी होऊ लागली. सरकारी जन्ममृत्यू नोंदणी सुरू होण्याच्या कितीतरी आधी धर्मग्रामाची नोंदवही हाच गावकऱ्यांचा दप्तरखाना होता. चर्चलगतची दफनभूमी, गावातले क्रूस, संतांचे वार्षिक सण आणि बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी स्वीकारणारे धर्मपिता व धर्ममाता या साऱ्यांनी धर्मग्रामाची वीण घट्ट केली.

वसईत ही रचना आली ती मात्र तलवारीच्या मागोमाग.

फिरंगाणातील दोन शतके

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ साली तह करून वसई आणि लगतचा मुलूख पोर्तुगीजांच्या हवाली केला. मोगल बादशहा हुमायूनच्या आक्रमणाची धास्ती हे त्यामागचे कारण होते. वसई हे पुढे पोर्तुगीजांच्या 'उत्तर प्रांता'चे मुख्य ठाणे झाले. मराठी कागदपत्रांत हाच मुलूख 'फिरंगाण' या नावाने येतो. किल्ल्याच्या तटबंदीत कॅथेड्रल, मठ, इस्पितळ आणि सरदारांचे वाडे उभे राहिले. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन आणि ऑगस्टिनियन या चारही प्रमुख संघांचे मठ वसईत होते. त्यांचे भग्नावशेष आजही किल्ल्यात दिसतात.

धर्मप्रसाराच्या कामात वसईत फ्रान्सिस्कन संघ आघाडीवर होता. अंतोनियो दो पोर्तो या फ्रान्सिस्कन धर्मगुरूचे नाव त्या काळाशी जोडलेले आहे. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर लेण्यांचे चर्चमध्ये रूपांतर झाले तेही त्याच्याच प्रयत्नाने. फ्रान्सिस झेवियर यांनी १५४०च्या दशकात वसईला भेट दिली आणि त्यानंतर जेझुइटांनीही येथे बस्तान बसवले. किल्ल्याबाहेरच्या गावांत एकामागून एक चर्च बांधले गेले. नंदाखालचे 'होली स्पिरिट' चर्च १५७३ सालचे, तर पापडीचे 'अवर लेडी ऑफ ग्रेस' चर्च १५७४ सालचे.

हे धर्मांतर कसे झाले, याचे एकच एक उत्तर नाही. देवळे पाडली गेली, हिंदूंच्या सार्वजनिक धर्माचरणावर निर्बंध आले, ख्रिस्ती झालेल्यांना सवलती मिळाल्या. गोव्यात १५६० साली सुरू झालेल्या धर्मन्यायालयाची, म्हणजे इन्क्विझिशनची, सावली उत्तर प्रांतावरही होती. दुसरीकडे इस्पितळे, अनाथाश्रम आणि शाळा यांच्याद्वारेही माणसे चर्चच्या जवळ आली. जमिनीचा मालकी हक्क पोर्तुगीज जमीनदारांकडे असलेल्या गावांत धन्याचा धर्म स्वीकारणे कुळांना सोयीचे वाटले असल्यास नवल नाही. सक्ती, सोय आणि श्रद्धा या तिन्ही धाग्यांनी ही वस्ती विणली गेली. यातला एकच धागा उचलून सगळा इतिहास सांगणाऱ्यांना वसई नीट उमगत नाही.

बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मगुरूचे किंवा पुरस्कर्त्याचे आडनाव घेण्याची प्रथा होती. गोन्साल्विस, लोपीस, परेरा, रॉड्रिग्ज, मच्याडो, दिब्रिटो ही आडनावे वसईत आली ती अशी. पुढे मराठी जिभेने त्यांना आपले वळण दिले आणि गोन्साल्विसचे घोन्साल्विस झाले. गावांची नावेही याच धाटणीची आहेत. रमेदी हे नाव तेथील 'रेमेदियोस' मातेवरून, तर मर्सेस हे 'मर्सेस' म्हणजे दयेच्या मातेवरून पडले. पोर्तुगीज भाषेचा गंधही नसलेले लोक आज ही नावे अस्सल वसईकर वळणाने उच्चारतात.

वसईचा संत

वसईच्या ख्रिस्ती समाजात ज्यांचे नाव आवर्जून घेतले जाते, ते संत गोन्सालो गार्सिया याच काळातले. त्यांचा जन्म १५५६च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज आणि आई स्थानिक होती. किल्ल्यातील जेझुइटांच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. तरुणपणी जेझुइटांबरोबर ते जपानला गेले आणि तेथील भाषा आत्मसात करून प्रवचनकार म्हणून काम करू लागले. जेझुइट संघात प्रवेश न मिळाल्याने त्यांनी काही काळ व्यापार केला. पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले. जपानी भाषा उत्तम येत असल्याने फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाउतिस्ता यांचे दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानला गेले. तेथील राज्यकर्ता हिदेयोशी याच्या आज्ञेवरून ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २६ जणांना क्रूसावर मारण्यात आले. गोन्सालो गार्सिया त्यांच्यापैकी एक होते.

त्यांना १६२७ साली धन्यवादित आणि १८६२ साली संत म्हणून घोषित करण्यात आले. कॅथलिक चर्चने संतपद दिलेले ते भारतात जन्मलेले पहिले गृहस्थ. जन्मगावात पोर्तुगीजांचे राज्य असताना त्यांना संतपद मिळाले नव्हते. ते मिळाले तेव्हा वसईवर इंग्रजांचा अंमल होता आणि किल्ल्यातले मठ पडक्या भिंतींच्या रूपात उभे होते. तरीही त्यांचा सण साजरा करायला त्यांचे गावकरी वसईतच होते.

१७३९ : कोण गेले, कोण राहिले?

पेशव्यांच्या फौजांनी १७३७ साली ठाणे आणि साष्टी घेतली. त्यानंतरच्या दोन वर्षांत फिरंगाणातील ठाणी एकेक करून पडत गेली. चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली वसईच्या किल्ल्याला घातलेला वेढा मे १७३९मध्ये संपला. मराठ्यांची मनुष्यहानी प्रचंड होती. तरीही शरणागतीच्या अटी उदार होत्या. पोर्तुगीजांना आपल्या कुटुंबांसह आणि चीजवस्तूंसह किल्ला सोडून जाण्याची मुभा मिळाली. जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळण्याचे स्वातंत्र्यही मान्य झाले.

या प्रसंगी कोण गेले आणि कोण राहिले, यात वसईच्या पुढच्या इतिहासाची किल्ली आहे. पोर्तुगीज अधिकारी, जमीनदार आणि त्यांची मिश्र वंशाची कुटुंबे गोव्याकडे, दमणकडे किंवा मुंबईकडे निघून गेली. त्यांच्याबरोबर संघांचे युरोपीय धर्मगुरूही गेले. मोठाले मठ त्यांच्याच बळावर चालत असल्याने ते तत्काळ ओस पडले. मागे राहिले ते वाडीत केळी आणि पानवेली लावणारे, भातशेती करणारे, समुद्रात होड्या घालणारे लोक. त्यांना जायला दुसरी जागा नव्हती, आणि ज्या जमिनीत त्यांच्या कैक पिढ्या कष्टल्या होत्या ती सोडण्याचे कारणही नव्हते. ख्रिस्ती होण्यापूर्वीपासून ते येथलेच होते.

मोहिमेत अनेक चर्च उद्ध्वस्त झाली. काही गट पुढच्या काळात शुद्धी होऊन हिंदू धर्मात परतले. ठाणे जिल्ह्यातील काही आगरी कुटुंबांच्या बाबतीत अशा नोंदी आहेत. तथापि बहुसंख्य वाड्यांनी आपला धर्म सोडला नाही. मराठी सत्तेनेही त्यांना सरसकट हुसकावून लावले नाही. बागायतीचा वसूल देणारी रयत राज्यकर्त्याला हवीच असते. किल्ला जिंकणाऱ्यांना घंटा हव्या होत्या, कारण त्या विजयाची खूण होत्या. वाडीतला माणूस मात्र आहे तिथेच राहणे दोन्ही बाजूंच्या हिताचे होते.

गोमंतकीय धर्मगुरूंचा आधार

युरोपीय धर्मगुरू गेल्यावर धर्मग्राम कोणी चालवले? ती जबाबदारी गोव्याहून आलेल्या धर्मगुरूंनी उचलली. गोव्यातील राशोल येथील सेमिनरीसारख्या संस्थांतून स्थानिक धर्मगुरूंची एक मोठी फळी तोवर तयार झाली होती. हे धर्मगुरू कोणत्याही मठवासी संघाचे नव्हते. ते थेट गोव्याच्या आर्चबिशपच्या अधिकारात काम करत. मठ नसला तरी त्यांचे अडत नव्हते. एक चर्च, एक घर आणि एक नोंदवही एवढ्या सामग्रीवर धर्मग्राम चालू शकत होता. संघांनी उभारलेले वैभव लयाला गेले, पण गावपातळीवरची साधी रचना टिकली, ती यामुळेच.

राज्यकर्ते बदलत राहिले. डिसेंबर १७८०मध्ये जनरल गॉडार्डच्या फौजेने वसई घेतली आणि सालबाईच्या तहानंतर ती मराठ्यांना परत मिळाली. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तो वसईलाच. १८१८पर्यंत पेशवाईचा अस्त होऊन वसई कंपनी सरकारच्या ताब्यात आली. धर्मग्रामाची सूत्रे मात्र या संपूर्ण काळात गोव्याकडेच राहिली.

याला कारण 'पाद्रोआदो' ही व्यवस्था. पूर्वेकडील देशांत बिशप नेमण्याचा आणि चर्चचा खर्च भागवण्याचा अधिकार पोपने पोर्तुगालच्या राजाला दिला होता. पुढे रोमने १६२२ साली 'प्रोपागांडा' हे स्वतंत्र खाते स्थापून आपले धर्मप्रचारक थेट पाठवायला सुरुवात केली. या दोन अधिकारांमधील वाद एकोणिसाव्या शतकात मुंबईत कमालीचा चिघळला आणि एकाच वस्तीतील कुटुंबे दोन तटांत विभागली गेली. १८८६ साली रोम आणि पोर्तुगाल यांच्यात करार होऊन दमणचा धर्मप्रांत निर्माण झाला आणि वसईची चर्च त्याच्या अखत्यारीत आली. १९२८ साली तो धर्मप्रांत बरखास्त होऊन वसईचा समावेश मुंबईच्या आर्चडायोसिसमध्ये करण्यात आला. पोर्तुगीज राजवट संपल्यानंतर जवळजवळ १९० वर्षांनी वसईचे धर्मग्राम दमणच्या अखत्यारीतून बाहेर आले.

भाषा टिकली, धर्मही टिकला

पोर्तुगीजांनी धर्म दिला, पण भाषा बदलू शकले नाहीत. हे विधान संपूर्ण उत्तर प्रांताला मात्र लागू पडत नाही. मुंबई, साष्टी आणि वसईच्या काही भागांत पोर्तुगीजवर आधारलेली एक मिश्र बोली रूढ होती. गोमंतकीय विद्वान मोन्सिन्योर सेबास्तियाँव रोदोल्फो दाल्गादो यांनी १९०६ साली तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. रायगड जिल्ह्यातील कोर्लई या गावात तर अशी बोली आजही जिवंत आहे. तेथील ख्रिस्ती कुटुंबे तिला 'नो लिंग', म्हणजे आपली भाषा, म्हणतात.

वसईच्या वाड्यांनी मात्र मराठी बोलीच जपल्या. सामवेदी ख्रिस्तींची कादोडी, वाडवळांची वाडवळी आणि कोळ्यांची कोळी बोली यांतून त्यांचे रोजचे व्यवहार होत राहिले. सामवेदी ख्रिस्ती समाज स्वतःला 'कुपारी' म्हणवतो. हा शब्द पोर्तुगीज 'कोंपाद्रे'वरून आला असे मानले जाते. मुलाचा बाप आणि त्याचा धर्मपिता यांच्यातले नाते दर्शविणारा हा शब्द. धर्मग्रामातील एक नाते एका जातसमूहाचे नाव होऊन बसावे, यातच या संस्थेने समाजात किती खोल मूळ धरले होते ते दिसते. या समाजातील वयस्क स्त्रियांचे लाल लुगडे, लग्नातले विधी आणि गाणी यांचे नाते जुन्या कोकणी जीवनाशी आहे. वेदी बदलली, पण अंगण तेच राहिले.

खुद्द चर्चमध्ये मराठीला मानाचे स्थान मिळायला मात्र विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. तोपर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) लोकभाषेतील उपासनेला मान्यता दिली आणि वसईत मराठी मिस्सा सुरू झाली. याच पिढीतील वसईकर धर्मगुरूंनी मराठीत विपुल लेखन केले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता' मासिकाचे दीर्घकाळ संपादन केले. २०२० साली उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, येथे भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. जुलै २०२४मध्ये त्यांचे निधन झाले.

वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत १९९८ साली स्थापन झाला आणि पापडीच्या जुन्या चर्चला कॅथेड्रलचा दर्जा मिळाला. पहिले बिशप म्हणून नेमणूक झाली ती थॉमस डाबरे या वसईच्याच सुपुत्राची. त्यांनी डॉक्टरेटसाठी विषय निवडला होता तुकारामांची ईश्वरानुभूती. किल्ल्यातले जुने कॅथेड्रल तटबंदीच्या आत, राजसत्तेच्या शेजारी होते. नवे कॅथेड्रल बाहेरच्या वाडीत आहे आणि त्याच्या पहिल्या धर्माध्यक्षाने देहूच्या संताचा अभ्यास केलेला होता. साडेचार शतकांत वसईच्या चर्चने केलेला प्रवास मोजायला एवढा एक तपशील पुरेसा आहे.

वाडी, विहीर आणि बावखल

धर्मग्राम टिकला याचे श्रेय केवळ श्रद्धेला देऊन चालणार नाही. त्याच्या पायाखाली जमीन होती. पश्चिम वसईचा पट्टा समुद्राला लागून आहे. वाळूमिश्रित जमिनीत पावसाचे गोडे पाणी मुरते आणि खाऱ्या पाण्याला थोपवून धरते. गावकऱ्यांनी हे ओळखून जागोजागी 'बावखल' खोदली. बावखल म्हणजे पावसाचे पाणी साठवणारे छोटे तळे. त्याच्यामुळे आसपासच्या विहिरींना उन्हाळ्यातही पाणी राही. या पाण्यावर केळी, विड्याची पाने, भाजीपाला आणि फुले यांची बागायत फुलली. आगाशीची सुकेळी प्रसिद्ध झाली. १८६०च्या दशकात मुंबईकडे रेल्वे सुरू झाली आणि वसईच्या मालाला घरबसल्या मोठी बाजारपेठ मिळाली. बागायतीतून आलेल्या चार पैशांनी जुनी पडकी चर्च पुन्हा उभी राहिली, शाळा निघाल्या.

एका वाडीतील कुटुंबे एकाच चर्चमध्ये येत, एकाच विहिरीचे पाणी वापरत आणि एकमेकांच्या शेतावर राबत. धर्मग्रामाची सीमा आणि गावाची सीमा बहुतांशी एकच होती. त्यामुळे राजा बदलला तरी संस्था हलली नाही. तिचा आधार राजवाड्यात नसून वाडीत होता.

आज हाच आधार खिळखिळा झाला आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस वसईतील हरित पट्टे बांधकामासाठी खुले झाले आणि इमारतींचे पेव फुटले. नव्या वसाहतींची तहान भागवण्यासाठी गावांतल्या विहिरींतून टँकरने पाणी उपसले जाऊ लागले. उपसा वाढला तसे समुद्राचे खारे पाणी जमिनीत शिरू लागले. या विरोधात फादर दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'हरित वसई संरक्षण समिती'च्या झेंड्याखाली आंदोलन उभारले. एका धर्मगुरूने पाणी आणि जमीन या प्रश्नांवर रस्त्यावर का उतरावे, असा सवाल त्या वेळी अनेकांनी केला. धर्मग्रामाचा इतिहास ठाऊक असणाऱ्याला त्याचे उत्तर शोधावे लागत नाही. वाडी गेली तर धर्मग्राम केवळ पत्त्यापुरता उरतो. या आंदोलनात हिंदू आणि ख्रिस्ती गावकरी खांद्याला खांदा लावून उभे होते, हेही ध्यानात घ्यायला हवे.

२००९ साली वसई-विरार महानगरपालिका अस्तित्वात आली. गावे महापालिकेत असावीत की नसावीत, या प्रश्नावरही मोठे आंदोलन झाले. २०११च्या जनगणनेनुसार या शहराची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक होती. कित्येक बावखले बुजवली गेली. वाड्यांच्या जागी संकुले आली. चर्चमधील गर्दी कमी झालेली नाही. किंबहुना मुंबईतून आणि देशाच्या अन्य भागांतून आलेल्या कॅथलिक कुटुंबांमुळे ती वाढली आहे. ही कुटुंबे इंग्रजी, कोकणी, मल्याळम, तमिळ बोलतात. वसईच्या जुन्या कुटुंबांतील मुलेही आता इंग्रजी माध्यमात शिकतात. घरात कादोडी बोलणारी पिढी वयस्क होत चालली आहे. तिचे शब्द टिपून ठेवण्याचे, जुनी गाणी जमवण्याचे आणि नाटुकल्यांतून बोली पुन्हा मुलांच्या ओठी आणण्याचे प्रयत्न समाजातील जाणती मंडळी करत आहेत.

अखेरचा प्रश्न

वसईच्या धर्मग्रामांनी पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज असे तीन राज्यकर्ते पाहिले. दोन धर्माधिकारांमधील भांडणही पचवले. प्रत्येक वेळी वरची व्यवस्था कोसळली आणि खालची शाबूत राहिली. या वेळचे संकट निराळे आहे. आता कोणी किल्ल्याला वेढा घातलेला नाही की घंटा उतरवलेल्या नाहीत. धर्मस्वातंत्र्य राज्यघटनेने दिलेले आहे. बदलते आहे ती चर्चच्या भोवतालची जमीन, तिच्या पोटातले पाणी आणि तिच्यावर बोलली जाणारी भाषा. १७३९ साली राहायचे की जायचे, हा निर्णय वाडीतल्या माणसाने जमिनीकडे पाहून घेतला होता. आज तीच जमीन विकली जात आहे.

नोंदवही चालूच राहील. बाप्तिस्मे होतील, विवाह लागतील, सण साजरे होतील. पण त्या नोंदवहीत लिहिलेली कुटुंबे एकमेकांना नावाने आणि नात्याने ओळखतील काय, कुपारी या शब्दातला अर्थ त्यांना उमगेल काय, याचे उत्तर चर्चच्या भिंतींत सापडणार नाही. पापडीच्या तळ्याकाठी किंवा निर्मळच्या रस्त्याला अजून हिरव्या राहिलेल्या वाड्यांतच ते शोधावे लागेल. वसईच्या घंटा नाशिकला गेल्या तरी धर्मग्राम टिकला, कारण माणसे जागची हलली नव्हती. आता घंटा जागेवर आहेत. त्यांचा आवाज ऐकू येण्याच्या अंतरावर वाडी टिकवायची की नाही, हे वसईकरांनाच ठरवायचे आहे.